मधला आवाज

टायरच्या दुकानात गातो आम्ही, रात्री आठनंतर.
सोचा नदीच्या वळणावर, तोल्मिनच्या अलीकडे,
लोव्रोचं दुकान आहे ते.
वर पत्रा, भिंतींवर टांगलेली काळी रबरी वलयं,
कोपऱ्यात कॉम्प्रेसर. बंद केला तरी
मिनिटभर घुमत राहतो एकाच स्वरावर.
तोच आमचा षड्ज.

नेझका वर गाते. शाळेत भूगोल शिकवते ती,
संध्याकाळपर्यंत घसा पार बसलेला असतो,
पण वरच्या पट्टीत शिरली की
किटलीचं झाकण उचलावं तसा मोकळा होतो.
लोव्रो खाली. त्याला फारसं हलावं लागत नाही,
गाडीखालच्या जॅकला लागत नाही तसं.
मी मधे.

मधे म्हणजे तीन स्वर. फार तर चार.
शेजारणीच्या वाफ्यांमधून वाट काढावी
तसं दोघांमधून चालायचं,
काही न तुडवता.
गाणं डोंगरावरच्या गवतकाप्यांचं, जुनं.
नेझकाने त्यात एक कडवं घातलंय
कापडगिरणी बंद पडली त्या वर्षाचं.
म्हातारे नाक मुरडतात, आणि म्हणतात आमच्याबरोबर.

मार्चमध्ये ल्युब्लियानाला गेलो, रेकॉर्डिंगला.
तीन काचेच्या खोल्या, तीन हेडफोन.
"वेगवेगळं घेऊ, स्वच्छ येईल," तिथला मुलगा म्हणाला.
आलं स्वच्छ.
माझा एकटीचा आवाज त्याने मला पाठवला, तपासायला.
स्वयंपाकघरात लावला तर
आई कांदा चिरता चिरता म्हणाली,
"कोण गं ही? कसला हिशेब करतेय?"

खरंच की.
चार, चार, तीन, चार,
अंडी मोजत होते मी.
वीस वर्षं हेच?
मग दोन गुरुवार गेलेच नाही. सर्दीचं निमित्त केलं.
तिसऱ्या गुरुवारी नेझका दारात उभी,
पायात अजून शाळेचेच बूट.
"तू नसलीस की," ती म्हणाली,
"मी आणि लोव्रो भांडतोय असं वाटतं.
काल त्याची बायको विचारत होती, काय झालं म्हणून."

गेले.
तो मुलगाही आला, या वेळी एकच माइक घेऊन.
ट्यूब टांगायच्या हुकाला त्याने तो अडकवला.
तिसऱ्या ओळीवर ते झालं.
नीट सांगता येत नाही.
दात शिवशिवले. फळीवरचा दहा नंबरचा पाना
आपोआप किणकिणला.
माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला,
आणि कळलं, आत्ता बरोबर लागलाय.

"शेवटी अर्धा स्वर खाली आलात," मुलगा म्हणाला.
लोव्रोने हात पुसले.
"तिघं मिळून आलो ना? मग घसरलं कोण?"
मुलाने उत्तर दिलं नाही.
पुन्हा एकदा ऐकलं, आणि तसंच ठेवलं.

त्याच रात्री, उशिरा, एक ट्रकवाला आला.
झेनित्साहून निघालेला, मागचं चाक बसलेलं.
दुकान बंद आहे हे सांगायला आम्ही थांबलोच नाही,
ओळ अर्धी होती.
तो उंबऱ्यावर उभा राहिला, टोपी हातात घेऊन.
आमची बोली त्याला यायची नाही, शब्द तर नाहीच.
पण दुसऱ्या कडव्याला,
लोव्रोच्या वर आणि माझ्या खाली
जिथे काही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं,
तिथे त्याने एक स्वर ठेवला.
नुसता "म्".
ठेवला आणि धरून राहिला,
दुसऱ्याच्या घरी कुणी पाण्याचा पेला धरावा तसा.

पंक्चरचे पैसे लोव्रोने पूर्ण घेतले.
रात्रीचे जास्तही लावले.
ट्रक पुलापलीकडे गेला, दिवे दिसेनासे झाले.
आम्ही परत ते कडवं घेतलं.
तिघांचंही सुरात होतं. मुलगा म्हणाला, छान.
नेझका मात्र मधेच थांबून दाराकडे बघायला लागली.